गावखडीचं कौलारू घर, एक टनाचा एसी आणि पाइपाखालची बादली

मे २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र. मुंबईची नोकरी संपवून ते आणि वहिनी आदल्या वर्षी गावखडीच्या घरी कायमचे राहायला आले होते. घरात दादांची आई, वय ८२. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. आठवड्यापूर्वी आजींना भर दुपारी पडवीत भोवळ आली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि बजावलं, रात्रीची झोप गारव्यात झाली पाहिजे, नाहीतर हे पुन्हा होईल. दादांनी दुसऱ्याच दिवशी रत्नागिरी गाठली आणि एका दुकानातून कोटेशन आणलं: दीड-दीड टनाचे दोन एसी, दोन्ही 'हॉट अँड कोल्ड'. "पैसे भरायच्या आधी तू एकदा घर बघून जा," एवढंच ते फोनवर म्हणाले.

मी वातानुकूलनाच्या कामात २० वर्षं आहे. त्यातली पहिली निम्मी मुंबईत गेली, आणि तिथे अंगवळणी पडलेले बरेच हिशेब कोकणात आल्यावर मला मोडावे लागले. या घरानेही एक हिशेब मोडला. म्हणून ही सगळी हकीकत लिहितो आहे, माझ्या चुकीसकट.

पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडी. दादांचं घर सुरूच्या बनाच्या आत, समुद्रापासून सरळ रेषेत साधारण तीनशे मीटर. घराचे दोन भाग. जुना भाग चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा: दीड फुटी भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि ओटी, मग माजघर, माजघराला लागून आजींची खोली. या खोलीला लाकडी फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे सपाट छत आहे आणि तिच्यावर माळा. नवा भाग म्हणजे पंचवीसेक वर्षांपूर्वी पश्चिमेला जोडलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दादांनी आल्या आल्या पेव्हर ब्लॉक घातले, पावसात चिखल नको म्हणून. आणि दिवाळीनंतर दर वर्षी घातला जाणारा झापांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) मांडव त्या वर्षी घातलाच नव्हता, कारण झापं विणून देणारं माणूस मिळालं नाही.

अशा कामात घर एक रात्र तरी बघावं लागतं. दुपारी चारच्या उन्हात टेप लावून खोली मोजली आणि 'दीड टन' असं कागदावर लिहून दिलं, तर त्या घरात माणसं झोपतात कधी आणि कशी हे कळतच नाही. मी मुक्कामाच्या तयारीनेच गेलो. बरोबर हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, भिंतीवर रोखून तिचं तापमान सांगणारा थर्मामीटर आणि मल्टिमीटर.

दुपारी तीन वाजता बाहेर सावलीत ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. पेव्हर ब्लॉक ५४ अंशांवर तापलेले, आणि ती सगळी धग पडवीत. आजी दुपारी पडवीतच बसतात. तिथे हवा ३५ च्या पुढे होती. आजींच्या खोलीतल्या फळ्या खालून ३६ अंश, स्लॅब खालून ३७. इथवर दोन्हीत फारसा फरक नाही. फरक दिसला तो रात्री. नऊ वाजता फळ्या ३१ वर उतरल्या होत्या. कौल पातळ, सूर्य गेला की तासाभरात निवतं. स्लॅब मात्र ३९ वर चढला होता. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्री ओकत होता, आणि पहाटे दोनलाही ३६ दाखवत होता. दादा-वहिनी त्याच स्लॅबखाली झोपत होते, आणि घरात सगळ्यात जास्त उकडतं ते आजींना असं समजून चालले होते.

पण आजींना उष्मा होत होता हेही खरंच. पहाटे दोन वाजता त्यांच्या खोलीत २९.५ अंश आणि ८४ टक्के आर्द्रता. देशावरच्या माणसाला हा २९ चा आकडा काहीच वाटणार नाही. आजींची चादर मात्र ओली होती. घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं, आमच्याकडे त्याच माठातलं पाणी जेमतेम निवतं. कारण तेच.

माठाचं उदाहरण मी वहिनींना दिलं, कारण त्यांचा पहिला प्रश्न कूलरचा होता. त्यांचं माहेर अकोल्याचं. तिथे वाळ्याच्या पडद्याच्या कूलरवर अख्खा उन्हाळा निघतो. तिकडे ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर २२-२३ अंश दाखवतो. कूलर हवेला त्या आकड्याच्या दिशेने नेतो, म्हणजे १५-१६ अंशांचा गारवा सहज मिळतो. गावखडीला ३३ अंश आणि ७० टक्के असताना तोच ओला थर्मामीटर २८ च्या खाली उतरत नाही. उत्तम कूलरसुद्धा इथे तीन-साडेतीन अंश उतरवेल, आणि बदल्यात खोलीत वाफ भरून ठेवेल. ज्या घामाला वाळायला जागा नाही, त्याची उरलीसुरली जागाही तो घेईल. कूलर कोकणात चालत नाही हे सगळे अनुभवाने सांगतात. वहिनींना का ते हवं होतं, आणि आकडे बघितल्यावर त्यांनी तो विषय स्वतःच सोडला.

'हॉट अँड कोल्ड' चा निकाल पाच मिनिटांत लागला. गावखडीला जानेवारीच्या पहाटे पारा १८-१९ वर येतो. आजी शाल घेतात, दादा खळ्यात शेकोटी करतात, नऊ वाजता ऊन आलं की संपलं. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात थंडी चांगली पडते, तिथे विचार वेगळा. इथे खोली तापवणाऱ्या यंत्राला वर्षात दहा दिवसही काम नव्हतं. त्या घरात उष्णता लागत होती ती अंघोळीच्या पाण्याला, तिच्याकडे पुढे येतो.

यंत्राआधीची कामं

दादांना वाटलं होतं मी एसीचा आकडा सांगून जाईन. मी आधी वायरिंग उघडलं. जुन्या भागात अर्थिंगच नव्हतं. संध्याकाळी साडेसातला मीटरजवळ व्होल्टेज १७६. वाडी लाइनच्या शेवटाला आहे, आणि मे महिन्यात चाकरमानी आले की प्रत्येक घरात पंखे, फ्रिज, मोटारी एकदम सुरू होतात. अर्थिंगसाठी नवा खड्डा घेतला. जांभ्या दगडात मे महिन्यात ओल नसते, म्हणून नुसती पट्टी पुरून भागत नाही, भोवती ओल धरून ठेवणारं मिश्रण भरावं लागतं. आजींच्या खोलीपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), वळवाच्या विजांसाठी मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर. यात एसीचा एक अंशही गारवा नाही, पण दोन वर्षांत जळालेले जेवढे एसी बोर्ड मी या पट्ट्यात बघितले त्यातले बहुतेक इथेच वाचले असते.

मग सावली. स्लॅबवर पत्र्याची शेड कोकणात गळतीसाठी घालतात. तीच उन्हासाठीही उत्तम, फक्त ती बाजूंनी उघडी आणि स्लॅबपासून पुरेशी उंच हवी, म्हणजे पत्र्याखालची तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. दादा घाबरत होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून वर गेलं तेव्हा शेजारच्या वाडीतले पत्रे त्यांच्या कलमांत येऊन पडले होते. त्यामुळे शेडचे खांब स्लॅबमध्ये नुसते फिशर (स्क्रू धरणाऱ्या खुंट्या) मारून उभे केले नाहीत, खालच्या कॉलमच्या माथ्यावर प्लेट घेऊन बोल्ट केले, पत्र्याचं बाहेर झेपावणारं टोक आखूड ठेवलं आणि कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट केले. शेड झाल्यावर आठ दिवसांनी रात्री नऊला स्लॅब खालून ३२ अंश होता. आधी ३९. या एका कामाने दादा-वहिनींच्या खोलीचा एसी रद्द झाला.

पडवीसाठी मी मांडव मागितला. वहिनी म्हणाल्या, झापं कोण विणणार? शेवटी शेजारच्या वाडीतल्या दोन बायकांनी माडाची चुडतं विणून दिली, आणि उरलेल्या भागावर दादांनी हिरवी शेडनेट ताणली. पेव्हर सावलीत आले आणि पडवी बाहेरच्या सावलीइतकी झाली, म्हणजे दोन-अडीच अंशांनी उतरली. आपल्या आज्या-पणज्यांनी मांडव सुपारी आणि आमसुलं वाळवायला घातला असं आपण म्हणतो. मला वाटतं त्यांना दोन्ही कामं ठाऊक होती.

पंखे पाचही बदलले. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, साधारण ३० वॅटचा. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे अर्धा युनिट वाचतं, पाचांमागे पावणेतीन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एसीच्या युनिटशेजारी ठेवायचा आहे. आणि मागीलदारी पूर्वेला जी खिडकी सामान लावून बंद केली होती ती मोकळी करून जाळी लावली. दिवसा खारा वारा पश्चिमेकडून येतो, रात्री मतलई वारा उलट, पूर्वेकडून. घर बांधणाऱ्याने ती खिडकी उगाच ठेवली नव्हती.

कोणती खोली

इथे माझं आणि आजींचं जमलं नाही. माझा कल स्लॅबच्या खोलीकडे होता. प्लॅस्टर केलेल्या भिंती, घट्ट बसणाऱ्या खिडक्या, वर आता शेड. एसीची खोली म्हणजे झाकणाचा डबा हवा. कौलारू खोली म्हणजे भोकाभोकांची रोवळी. आजींचा पलंग तिकडे हलवायचा, एवढंच.

"मी नाही हो जायची तिकडे," आजी म्हणाल्या. "देव इथून दिसतात मला. तुम्हीच जा गार व्हायला."

दादांनी समजावलं, वहिनींनी समजावलं. मी गप्प बसलो, कारण त्यांच्या पलंगावरून माजघरातलं देवघर खरंच सरळ दिसत होतं, आणि रात्री उठल्यावर न्हाणीपर्यंतची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. ८२ व्या वर्षी ती वाट बदलणं हे एसीपेक्षा मोठं जोखमीचं काम. एसी आजींच्या खोलीत लावायचं ठरलं. तो निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. चूक पुढे झाली.

खोली १२ बाय ११ फूट, उंची १० फूट. जाड चिऱ्याच्या भिंती, पश्चिमेचं ऊन नाही, माणूस एक, कधी शेजारी नात. एक टन पुरे. दुकानदाराचा दीड टन मी नाकारला त्याचं कारण बिलापेक्षा आर्द्रतेत होतं. मोठा एसी खोली पटकन गार करतो आणि थांबतो. कॉइलवरून (एसीतल्या गार नळ्यांच्या जाळीवरून) पाणी निथळायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही. मग खोली २३ अंशांची पण दमट, थंड आणि चिकट. कोकणात एसी लहान आणि जास्त वेळ चालणारा हवा. म्हणून इन्व्हर्टर, जो वेग कमी करून रात्रभर संथ चालू शकेल.

पाच स्टार घेतला, पण स्टारबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. लेबलावरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात, आणि यंत्राची चाचणी ज्या खोलीत होते तिथली हवा २७ अंशांची, ओला थर्मामीटर १९ दाखवेल इतकी कोरडी धरलेली असते. आजींच्या खोलीत पहाटे ओला थर्मामीटर २७ च्या आसपास होता. म्हणजे लेबल दोन यंत्रांची तुलना करायला चांगलं, पण आमच्या किनाऱ्यावर यंत्राला किती पाणी उपसावं लागेल हे ते सांगत नाही. म्हणून मी दुकानात ड्राय मोड, म्हणजे हवा कोरडी करण्याची सोय, चालवून बघितला आणि कॉइल खरंच गार राहते का ते हाताने तपासलं.

बाहेरचं युनिट पूर्वेला, मागीलदारी. पश्चिमेची भिंत मोकळी आणि सोयीची होती, पण समोर समुद्र. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पाती आणि मध्ये खारं पाणी, ही तिन्ही एकत्र आली की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खपतं. शेजारच्या घराचं पश्चिमेला लावलेलं युनिट मी बघितलं, तिसऱ्याच वर्षी पाती बोट लावताच भुकटी होत होत्या. आम्ही लेप दिलेल्या पातींचं युनिट घेतलं, स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट स्टेनलेस. आणि दादांना महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याने कॉइल धुवायचं काम लावून दिलं. विहिरीच्या मचूळ पाण्याने नव्हे, नळाच्या.

जोडणीच्या दिवशी आलेली मुलं नळ्यांतली हवा गॅसनेच फुंकून बाहेर काढायला निघाली होती. मी थांबवलं. कोरड्या हवेच्या गावीही ते चूकच, पण इथल्या हवेत ती वाफ नळीत राहिली की तेलाशी मिळून कॉम्प्रेसर आतून खाते. व्हॅक्यूम पंप मागवला, संध्याकाळ झाली, पण काम नीट झालं.

बादली

एसी सुरू झाला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. दादांना निचऱ्याचा पाइप न्हाणीच्या मोरीत सोडायचा होता. मी म्हटलं, आठवडाभर बादलीत सोडा आणि मोजा. ही माझी जुनी सवय. यंत्र काय करतं आहे हे त्याच्या डिस्प्लेपेक्षा बादली खरं सांगते.

पहिल्या रात्री दहा ते सहा, साडेनऊ लिटर. दादा खूश. एवढं पाणी हवेतून काढलं! मी खूश नव्हतो. दुसऱ्या रात्री दर तासाला मोजायला सांगितलं. वहिनींनी मोबाइलला गजर लावून मोजलं, त्यांचे मी आजही आभार मानतो. पहिल्या तासाला सव्वा लिटर, चौथ्या तासाला सव्वा लिटर, पहाटे पाचला सव्वा लिटर.

हिशेब सरळ आहे. खोलीत ३७ घनमीटर हवा. मेच्या रात्री एक घनमीटर हवेत २४-२५ ग्रॅम वाफ असते, म्हणजे अख्ख्या खोलीतल्या हवेत मिळून लिटरभराच्या आत पाणी. त्यातलं साधारण निम्मं काढलं की माणसाला बरं वाटतं. झोपलेलं माणूस तासाला ४०-५० ग्रॅम भर घालतं. मग तासामागून तास सव्वा लिटर येतं कुठून? बाहेरून. खोलीतली हवा तासाला अडीच-तीन वेळा बदलत होती. आम्ही आजींची खोली नव्हे, गावखडीचा किनारा वाळवत होतो.

एक लिटर वाफेचं पाणी करायला जवळपास पाऊण युनिटाइतकी उष्णता काढावी लागते. एक टनाच्या यंत्राची ताकद साडेतीन किलोवॅट, म्हणजे तासाला साडेतीन युनिटाइतकी उष्णता काढण्याची. तिचा पाव हिस्सा नुसत्या घुसणाऱ्या वाफेवर जात होता, आणि तिच्याबरोबर घुसणारी गरम हवा वेगळी. वीज रात्रीला ५.८ युनिट. इन्व्हर्टर संथ व्हायला हवा होता, तो एकदाही झाला नाही.

चूक माझी. मी भिंती मोजल्या, ऊन मोजलं, माणसं मोजली. फळ्यांमधल्या फटी मोजल्या नाहीत. कौलारू खोली रोवळीसारखी असते हे मीच बोललो होतो, आणि ते वाक्य टनांच्या हिशेबात घ्यायला विसरलो. रात्री माळ्यावर चढून मी उदबत्ती धरली. धूर फळ्यांच्या फटीतून सरळ खाली ओढला जात होता. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये तर हात जाईल अशी जागा.

पाऊस तोंडावर होता. दाराला खाली रबरी पट्टी, खिडकीला बीडिंग, फळ्यांना खालून चिकटपट्टी, एवढंच उरकलं. बादली तासाला ७०० मिलिलिटरवर आली. पावसाळ्यात बाहेर २६-२७ अंश असताना एसी गारव्यासाठी लागतच नाही. तेव्हा दुपारी दोन तास दार लावून ड्राय मोड. आर्द्रता नव्वदीतून सत्तरीवर यायची आणि कपाटातल्या लुगड्यांना त्या वर्षी बुरशी धरली नाही. आजींनी एसीची पहिली तारीफ केली ती यासाठी.

मग गणपती आले. नातू पुण्याहून आला, आजीच्या खोलीत झोपला आणि त्याने रिमोट १८ वर नेला. पाचव्या दिवशी दादांचा फोन: फळ्या वरून ओल्या, काळे डाग पडलेत, कौल गळतंय का? कौल गळत नव्हतं. माळ्यावरची हवा २८ अंशांची आणि वाफेने तुडुंब. अशी हवा २६ च्या खालच्या कुठल्याही वस्तूला टेकली की दव पडतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पडतं तसंच. खालून १८ ची हवा मारली की फळ्यांची वरची बाजू २६ च्या खाली जाणारच. तीन पिढ्यांचं लाकूड पाच रात्रींत भिजलं. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात, पण त्याखाली न्यायला रिमोट आहेच. मी २६ सांगितलं होतं, वर पंखा हळू. पंख्याच्या वाऱ्याने २६ हे २३-२४ सारखं वाटतं. नातवाला रागावण्यात अर्थ नव्हता. पाहुणा काहीही करो, घर बिघडू नये असंच काम व्हायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये, फळ्या पूर्ण वाळल्यावर, माळ्याच्या बाजूने काम केलं. थंड देशांतल्या पुस्तकांत वाफ अडवणारा थर घराच्या आतल्या बाजूला दाखवतात, कारण तिथे वाफ आतून बाहेर जाते. इथे उलट, वाफ बाहेरून आत येते, म्हणून थर बाहेरच्या अंगाला, म्हणजे फळ्यांच्या वर हवा. एक इंची, पाणी न पिणारा, वर फॉइल असलेला फोम फळ्यांवर अंथरला, सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप, कडा भिंतीवर वळवून बसवल्या, भिंतीच्या माथ्याची फट चुन्याने भरली. उंदरांसाठी वर बारीक जाळी. दाराखाली बोटभर फट मुद्दाम ठेवली. माणूस झोपतं त्या खोलीत थोडी ताजी हवा आलीच पाहिजे.

मे २०२४ मध्ये मी पुन्हा मुक्कामाला गेलो. पहिल्या तासाला १.१ लिटर, तिसऱ्या तासापासून ३०० मिलिलिटरच्या आसपास. सबंध रात्रीचे ३.२ युनिट. आता पंख्यांचे वाचलेले पावणेतीन युनिट शेजारी ठेवा. दादांचं महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या आत राहिलं; त्यापुढच्या टप्प्याचा दर बराच चढा असल्यामुळे ही मर्यादा त्या घराला फार महत्त्वाची होती. दुकानदाराचे दोन एसी लागले असते तर ती पहिल्याच महिन्यात ओलांडली असती.

पाणी तापवायचं राहिलं. वहिनींना सोलर हीटर हवा होता. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते टाकी खातं; आणि पावसाळ्याच्या ज्या चार महिन्यांत गरम पाण्याची खरी ओढ असते त्या चार महिन्यांत ऊन नाही. बंब मागच्या पडवीत आहे, धूर घरात येत नाही, आणि दादांच्या बागेतली नारळाची सोडणं नि करवंट्या वर्षभर पुरून उरतात. बंब ठेवला. आजींना पहाटे तांब्याभर गरम पाणी लागतं म्हणून न्हाणीत १५ लिटरचा गीझर लावला. तो २७ वरून ४५ वर यायला तिसरा हिस्सा युनिट घेतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यावर दादांनी छतावरच्या सोलर पॅनेलचं विचारलं. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि शेड तयार आहे. मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या पॅनेलांना वाऱ्याचा हिशेब शेडपेक्षा वेगळा, तो आधी करून घ्या. दुसरी, लाइन गेली की लाइनला जोडलेली अशी पॅनेलं स्वतःही बंद पडतात, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. वादळात आठ-आठ दिवस लाइन नसते तेव्हा डोक्यावर पॅनेल असूनही घरात अंधार राहील. त्या रात्रींसाठी १५० अँपिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर वेगळा घेतला. त्यावर एसी चालत नाही. चार बीएलडीसी पंखे रात्रभर चालतात, आणि मतलईची खिडकी उघडी ठेवली की आजींची रात्र निभते. पॅनेलांचं काम अजून व्हायचं आहे.

२०२४ च्या गणपतीत नातवाने त्याच्या खोलीत, म्हणजे स्लॅबच्या दुसऱ्या खोलीत, एसी मागितला. दादांनी मला विचारलं. तो वर्षाकाठी तिथे पंधरा दिवस झोपतो. मी त्यांना छतावर रोखायचा थर्मामीटर देऊन आलो आहे. मे महिन्यातल्या दहा रात्री, नऊ वाजता आणि दोन वाजता, स्लॅबचं तापमान लिहून ठेवायचं. वही आजींच्या पलंगाखाली ठेवली आहे, बादलीच्या आकड्यांच्या वहीशेजारी.